ओळख निघाली

लिंक्डइन या नोकरी-धंद्यातल्या ओळखींच्या साइटवर माझ्या पानावर सहा वर्षं एकच ओळ होती: असिस्टंट इंजिनिअर, क्वालिटी. ती नोकरी मी २०१६ सालीच सोडली होती. त्या वर्षी मुलगा झाला, तो दोन वर्षांचा होतोय तोवर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि पुढची तीन वर्षं त्यांचं करण्यात गेली. २०२१च्या दिवाळीआधी त्या गेल्या. जूनमध्ये मुलगा पहिलीत जाणार होता, म्हणून २०२२च्या मार्चमध्ये एका रात्री जेवणं उरकल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले आणि जुना पासवर्ड आठवायला लागले.

मी मेटलर्जीची, म्हणजे धातुशास्त्राची इंजिनिअर. कोल्हापुरात एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, सात वर्षं होते. बीड आणि एसजी आयर्न (त्याचाच जास्त चिवट प्रकार) यांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बहुतेक ट्रॅक्टरची आणि पंपाची. नाकारलं गेलेलं कास्टिंग कापायचं, तुकडा घासून आरशासारखा करायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि हे असं का झालं ते शोधायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं. सहा वर्षांत फाउंड्रीत पाऊल टाकलं नव्हतं, तरी बाजारात बिडाचा तवा दिसला की मी तो उलटा करून खालची बाजू बघायचे.

आधी अर्थातच जवळच्यांना विचारलं होतं. दीर, दोन जुने सहकारी, कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतले मामा. सगळ्यांनी मनापासून प्रयत्न केले. पण सगळ्यांच्या माहितीतल्या फाउंड्र्या त्याच तीन-चार, शिरोलीतल्या नाहीतर गोकुळ शिरगावातल्या. एका ठिकाणी फोनवर कामाबद्दल एकही प्रश्न आला नाही. मुलगा केवढा आहे आणि रात्रपाळीला घरचे सोडतील का, एवढंच विचारलं. दुसरीकडून निरोप आला, जागा निघाली की कळवू. महिन्याभरात जवळच्यांची यादी संपली.

आणि लांबच्यांना विचारायचं म्हटलं की डोळ्यांसमोर अण्णा यायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. जे कास्टिंग ओतायचं त्याची सागवानी लाकडात हुबेहूब प्रतिकृती करायची आणि तिच्यावरून वाळूत साचा उठवायचा. चाळीस वर्षं हेच केलं. 'आपण कुणाच्या दारात वशिल्याला गेलो न्हाई' हे त्यांचं वाक्य आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलो. भावाच्या नोकरीच्या वेळी आईनं एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणायला सुचवलं, तर दोन दिवस ते घरात कुणाशी बोलले नव्हते. अशा घरात वाढलेल्या मला, कधी न भेटलेल्या माणसाला 'माझ्यासाठी काही असेल तर बघा' असं लिहिणं म्हणजे त्याचं दार ठोठावण्यासारखंच वाटायचं.

तरी लिहिलं, आणि पहिले दोन महिने सगळं चुकीच्या टोकानं केलं. हुद्द्यात 'एचआर' किंवा 'फाउंड्री' हा शब्द दिसला की ओळख जोडायचं कनेक्टचं बटण दाबायचं, सोबत एक अक्षरही लिहायचं नाही. तीन दिवसांत अशा दीडशेएक रिक्वेस्ट गेल्या आणि चौथ्या दिवशी लिंक्डइननं आणखी पाठवायला काही काळ बंदी घातली. ज्यांनी स्वीकारल्या त्या सगळ्यांना मी एकच इंग्रजी मजकूर डकवला: आदरणीय सर, सहा वर्षांच्या खंडानंतर योग्य नोकरीच्या शोधात आहे, बायोडेटा जोडला आहे. साठेक माणसांपैकी तिघांनी उत्तर दिलं, त्यांतल्या दोघांनी नुसता अंगठा. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज रोज तसेच मेसेज मला येतात तेव्हा कळतं की त्यांना उत्तर देणं खरोखर अवघड असतं. वाचणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच लागत नाही. कुठलं काम येतं, काय हवंय, मी नेमकं काय करू शकते, यातलं काही नाही.

मे महिन्यात फसले. एका मोठ्या वाहन कंपनीचा भरती अधिकारी म्हणून एका माणसाचा मेसेज आला. फोटो चांगला, मराठी गोड. दोन दिवसांत 'निवड' झाली आणि कागदपत्रांच्या पडताळणीसाठी ३,५०० रुपये मागितले. मी भरले. लॅपटॉपच्या अनामतीसाठी आणखी १२,००० मागितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्यानं त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन लावायला लावला, तक्रार नोंदवली. पैसे मिळाले नाहीत. कुठलीही खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हे मला माहीत होतं. पण सहा वर्षांनी कुणीतरी 'तुम्ही हव्या आहात' म्हटलं होतं, आणि ते वाक्य मला फार हवं होतं. आता मी अनोळखी माणूस बोलायला आला की आधी तीन गोष्टी बघते: मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलाय का, खातं कधी उघडलंय (ते हल्ली प्रोफाइलवरच दिसतं), आणि त्या कंपनीतली इतर माणसं त्याच्या ओळखीत आहेत का.

त्यानंतर तीन आठवडे मी कुणालाही काही लिहिलं नाही. नुसतं वाचत होते, आणि त्या वाचण्यातच वाट सापडली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात राजकोटच्या एका फाउंड्रीतल्या तरुण इंजिनिअरनं एक प्रश्न टाकला होता. एसजी आयर्नमध्ये ग्राफाइट गोल गाठींच्या रूपात यावं लागतं, त्या गोलाईलाच नॉड्युलॅरिटी म्हणतात, आणि त्यासाठी ओतण्याआधी रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, मॅग्नेशियम घालतात. त्याच्याकडे एकाच लॅडलमधून (रस ओतायच्या भांड्यातून) ओतलेल्या पहिल्या बॉक्समधली (वाळूच्या साच्यातली) कास्टिंग उत्तम येत होती आणि शेवटच्या बॉक्समधली नापास. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट मात्र प्रत्येक वेळी बरोबर. खाली दहा-बारा जणांनी वेगवेगळं सुचवलं होतं, कच्चा माल बदला, इनॉक्युलंट (ग्राफाइट नीट यावं म्हणून रसात घालायची भर) बदला.

मी तो प्रश्न वाचला आणि मला आमची जुनी मेल्टिंग शॉप दिसायला लागली. हेच आमच्याकडे २०१३च्या पावसाळ्यात झालं होतं. रसात मॅग्नेशियम मुरवल्यावर ते टिकून राहत नाही, मिनिटागणिक उडत जातं. स्पेक्ट्रोचं सॅम्पल घेतलं जातं सुरुवातीला, तेव्हा ते पुरेसं असतं. शेवटच्या बॉक्सपर्यंत पोचताना ते कमी झालेलं असतं. मी लिहिलं: मॅग्नेशियम ट्रीटमेंटपासून शेवटचा बॉक्स ओतेपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा, सॅम्पल पहिल्याऐवजी शेवटच्या बॉक्समधून घ्या, मूळ रसातलं सल्फर किती आहे तेही बघा, कारण सल्फर जास्त असेल तर मॅग्नेशियम तिथेच खर्ची पडतं. आमच्याकडे लॅडल निम्मी भरायला सुरुवात केल्यावर फरक पडला होता, तेही लिहिलं. बारा-पंधरा ओळी. व्याकरण दोनदा तपासलं, पाठवलं आणि भाकरी करायला गेले.

आठ दिवसांनी त्याचं उत्तर आलं. शेवटच्या बॉक्सपर्यंत १४ मिनिटं लागत होती. ती ९च्या आत आणली आणि नापास होणं थांबलं. खाली त्यानं लिहिलं होतं, 'थँक यू मॅडम, यू सेव्ड अवर डिस्पॅच.' सहा वर्षांनंतर माझ्या कामाचा कुणाला उपयोग झाला होता. मी ते नवऱ्याला दाखवलं, मग आईला फोन करून सांगितलं.

त्या रात्री मी प्रोफाइल मुळापासून लिहायला घेतलं आणि त्याला आठवडा लागला. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. तिथे 'नोकरीच्या शोधात' हे शब्द होते, ते काढले आणि लिहिलं: फाउंड्री मेटलर्जिस्ट, बीड आणि एसजी आयर्न, कास्टिंगमधल्या दोषांची कारणं शोधते, कोल्हापूर. माहितीच्या रकान्यात २,६०० अक्षरं बसतात. मी निम्मीही वापरली नाहीत. तीन प्रसंग लिहिले: दोष काय होता, मी काय तपासलं, काय बदललं. खंडाचं काय करायचं हा प्रश्न होताच. त्याच वर्षी मार्चमध्ये लिंक्डइननं करिअर ब्रेक अधिकृतपणे अनुभवाच्या यादीत दाखवायची सोय केली होती, त्यात घरच्यांची शुश्रूषा असं कारणही निवडता येतं. मी ते निवडलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. सासूबाईंना मी पुन्हा चालायला लावलं होतं, काठी घेऊन अंगणापर्यंत. ते लपवण्यासारखं काही नव्हतं. काही जणींना वाटतं की खंड झाकून तारखा जुळवून घ्याव्यात. मला ते पटत नाही. मुलाखतीत तो प्रश्न येतोच, आणि तेव्हा आधी झाकलेलं उघडं करावं लागणं जास्त जड जातं.

फोटोभोवतीची ती हिरवी पट्टी, 'ओपन टू वर्क', म्हणजे मी काम शोधतेय असं सांगणारी, मी लावली नाही. तीच गोष्ट फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते, ती ठेवली. ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी मात्र जपून. आपल्याच कंपनीतल्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही.

मग पुन्हा रिक्वेस्ट पाठवायला लागले, या वेळी दिवसाला फार तर एक. प्रत्येकीबरोबर चिठ्ठी. तेव्हा ३०० अक्षरं मिळायची. आता फुकटच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, म्हणून त्या कुणाला पाठवायच्या ते आधी ठरवावं लागतं. मी त्या माणसाचं एखादं लिखाण आधी वाचायचे आणि त्यातलंच काहीतरी विचारायचे. बेळगावच्या एकांना लिहिलेली चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे: 'नमस्कार. पावसाळ्यात वाळूतला ओलावा कसा सांभाळता ते तुम्ही लिहिलंत, ते वाचलं. आमच्याकडे रिटर्न सँड गरम असताना मिक्सरला गेली की आकडे फसवायचे. तुम्ही ती थंड कशी करता?' रिटर्न सँड म्हणजे एकदा वापरून परत आलेली वाळू. चिठ्ठीत नोकरीचा उल्लेख नाही. त्यांनी मराठीतच सविस्तर उत्तर दिलं आणि शेवटी विचारलं, तुम्ही सध्या कुठे असता? तेव्हा खरं काय ते सांगितलं.

मुलाच्या जुन्या वहीत मी रकाने आखले होते. जून ते सप्टेंबर ४२ चिठ्ठ्या, १९ उत्तरं, त्यांतल्या आठ जणांशी फोनवर बोलणं. फोनसाठी मी पंधरा मिनिटं मागायचे आणि पंधरा मिनिटांनी स्वतःच थांबायचे. तुमच्याकडे जागा आहे का, हे विचारायचे नाही. गेल्या सहा वर्षांत कामात काय बदललं, हे विचारायचे. त्यातून कळलं की साचा भरण्याआधीच धातू कसा वाहील आणि कुठे आकसेल ते संगणकावर बघण्याचं काम, सिम्युलेशन, माझ्या वेळी मोजक्या ठिकाणी होतं ते आता ग्राहकच मागतात. मी त्याचा ऑनलाइन कोर्स लावला. हे मला घरबसल्या दुसरीकडून कळलं नसतं.

लिहायची भाषा कुठली, हा पेच मला बरेच दिवस होता. तांत्रिक पोस्टी इंग्रजीत लिहीत होते, चुकीची भीती बाळगत. गणपतीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा अण्णांची हत्यारांची पेटी उघडली होती. तिच्यात एक पोलादी पट्टी आहे. साध्या फुटपट्टीसारखीच दिसते, पण तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा साधारण दहा मिलिमीटर लांब असतो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, तेवढा लाकडी पॅटर्न मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला गणित करत बसण्यापेक्षा पट्टीच तेवढी लांब केलेली. लहानपणी त्या पट्टीनं मी वहीत समास आखायचे आणि शाळेत माझं माप चुकायचं. मी पट्टीचा आणि अण्णांच्या हातांचा फोटो काढला आणि हे सगळं देवनागरीत लिहून टाकलं. लिंक्डइनचा मेनू तेव्हा मराठीत नव्हता, तो आता आला. पण पोस्ट मराठीत लिहायला कुणाची आडकाठी नव्हती.

त्या पोस्टला जेवढी उत्तरं आली तेवढी माझ्या कुठल्याच इंग्रजी पोस्टला आलेली नाहीत. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, चाकण. जर्मनीत डिझाइनमध्ये असलेल्या एकानं लिहिलं की त्याचे आजोबा उद्यमनगरात फिटर होते, गल्ली सांगितली, आणि अण्णांना ते आजोबा माहीत निघाले. एसटीत शेजारी बसलेली दोन माणसं 'गाव कुठलं' इथून सुरुवात करून हातकणंगले येईपर्यंत नातं शोधून काढतात, अगदी तसं झालं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे परकं काही नाही. ओळख काढणं आपल्याला येतं.

नोकरी मात्र राजकोटच्या प्रश्नातून आली, आणि तीही थेट नाही. पुण्यातल्या एका कंपनीत पुरवठादारांची गुणवत्ता तपासणाऱ्या एक मॅडम त्या राजकोटच्या मुलाच्या ओळखीत होत्या. आपण कुठे कॉमेंट केली की ती इतरांच्या ओळखीपर्यंत पोचते, तशी माझी कॉमेंट त्यांच्यासमोर आली. त्यांनी ती वाचून ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये त्यांचा मेसेज आला: कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा एक पुरवठादार आहे, दोषांचं विश्लेषण करणारं माणूस शोधतोय, अर्ज करा. मी लिहिलं, आपण माझं नाव सांगाल का? हे लिहिताना बोटं अडखळली होती. त्यांचं उत्तर मी जपून ठेवलंय. 'अर्ज तुम्ही स्वतः करा. त्यांनी मला विचारलं तर तुमचं जे लिखाण मी वाचलंय तेवढंच सांगेन. त्यापलीकडे मला तुमच्याबद्दल काही माहीत नाही.'

अण्णांचा वशिला आणि ही ओळख यांतला फरक मला त्या तीन वाक्यांत कळला. चिठ्ठी आणणाऱ्याला काम येतं की नाही, हे चिठ्ठी देणाऱ्याला माहीत नसतं आणि त्याला त्याची गरजही नसते. या बाई फक्त त्यांनी स्वतः वाचलेल्या गोष्टीची साक्ष देणार होत्या.

कागलला प्लांट हेडनी माझ्यासमोर चार पॉलिश केलेले नमुने ठेवले आणि मायक्रोस्कोपकडे हात केला. पहिले दोन सरळ होते. तिसऱ्यात पर्लाइट (लोखंडातला एक कठीण घटक) किती टक्के, असं विचारलं. तो दिसायला नमुन्यावर नायटल नावाचं सौम्य आम्ल लावावं लागतं, त्याला एच करणं म्हणतात. मी बघितलं आणि म्हटलं, हा एच केलेला नाही, नायटल लावल्याशिवाय पर्लाइट सांगता येणार नाही. नॉड्युलॅरिटी हवी तर सांगते. ते काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. रात्रपाळीबद्दल मीच विषय काढला आणि महिन्यातून किती येते ते विचारून घेतलं. २०२३च्या जानेवारीत रुजू झाले.

पुढे वाचनात आलं की या साऱ्याचा अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एका निबंधात मांडलं होतं की नव्या संधींची बातमी बहुधा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. २०२२च्या सप्टेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यातही नोकरी बदलायला लांबच्या ओळखीच अधिक उपयोगी ठरल्या. मात्र अगदी नावापुरत्या नव्हेत, थोडा तरी समान धागा असलेल्या. दीर, मामा आणि सहकारी यांची यादी महिन्यात का संपली आणि राजकोट-पुणे-कागल अशी वाट का निघाली, ते मला त्यात दिसलं. ज्यांना वाटतं की घरच्यांनी आपल्यासाठी पुरेसं केलं नाही, त्यांनी हे वाचावं असं मला वाटतं. माझ्या मामांनी खरंच सगळं केलं होतं.

आता रविवारी सकाळी एक तास मी लिंक्डइनला देते, जास्त नाही. त्या तासात आधी दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं, मग जमलं तर स्वतःचं लिहिणं. कंपनीच्या कास्टिंगचे फोटो, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर यांतलं काहीही टाकत नाही. लिहायचं असेल तर साहेबांना विचारते. द इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरच्या कार्यक्रमांना जायला लागले. तिथे पहिल्याच दिवशी बेळगावचे ते वाळूवाले गृहस्थ भेटले आणि आम्ही चहा थंड होईपर्यंत उभ्यानं बोललो. फोनवरच्या आठ ओळखींपैकी ज्यांची समोरासमोर भेट झाली त्याच टिकल्यात, हेही खरं आहे.

नोकरी लागल्याचं सांगायला माहेरी गेले होते तेव्हा अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. पेढा हातात घेतला, तोंडात टाकला नाही. 'कुणाचा वशिला लावलास?' एवढंच विचारलं.

मी मोबाइल काढला आणि राजकोटचा तो प्रश्न त्यांना मराठीत करून सांगितला. माझं उत्तर सांगितलं, घड्याळ लावायचं, शेवटच्या बॉक्सचं सॅम्पल, निम्मी लॅडल. पुण्याच्या मॅडमनी काय लिहिलं तेही वाचून दाखवलं. अण्णांना मेटलर्जी शिकायला मिळाली नाही, पण चाळीस वर्षं त्यांचे पॅटर्न फाउंड्रीतच जात होते. ते मान हलवत ऐकत होते. 'शेवटचा बॉक्स बघायला पायजे, बरोबर,' म्हणाले. मग पेढा खाल्ला आणि विचारलं, 'त्या राजकोटच्या पोराचं काम नीट आलं का फुडं?'

'आलं. आता त्याच्या कास्टिंगला पिनहोल, बारीक भोकं, यायला लागलेत. काल विचारत होता.'

'मग कळव की त्याला,' अण्णा म्हणाले, आणि चष्मा लावून फोटो दाखव म्हणाले.